राजसेवक एबद-मलेख

हिब्रू धर्मग्रंथांतील यिर्मया संदेष्ट्याचा ग्रंथ ५२ अध्यायांचा आहे, आणि एवढ्या विस्तीर्ण ग्रंथात एबद-मलेख नावाच्या माणसाच्या वाट्याला अवघी ११ वचने आली आहेत : ३८व्या अध्यायात ७ आणि ३९व्यात ४. त्याच्याविषयी जे काही सांगायचे ते ग्रंथकाराने पहिल्याच वचनात सांगून टाकले आहे : तो कूशी होता, राजवाड्यात चाकरीस होता, आणि ‘सारीस’ या वर्गातला होता. त्याचे नाव ६ वेळा येते, त्यांपैकी ४ वेळा ‘कूशी’ हा शब्द त्याला जोडलेला आहे; पण त्याच्या बापाचे नाव एकदाही येत नाही. ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. त्याच अध्यायाच्या आरंभी ज्या चौघा अमलदारांचा उल्लेख आहे — मत्तानाचा पुत्र शफाट्या, पशहूराचा पुत्र गदल्या, शलेम्याचा पुत्र युकाल आणि मल्कीयाचा पुत्र पशहूर — त्यांतला प्रत्येक जण बापाच्या नावानिशी उभा आहे, कारण यरुशलेमेच्या दरबारात माणसाची ओळख कुळावरून पटत असे. आणि ज्याला तेथे कूळच नव्हते त्याची ओळख त्याच्या मुलखावरून करून देण्यावाचून लेखनिकाला गत्यंतर नव्हते.

कूश म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेस, आस्वानच्या पलीकडे नाईल नदीच्या दोन्ही तीरांनी पसरलेला, आज मुख्यतः सुदानात मोडणारा प्रदेश. ग्रीक भाषांतरकारांनी त्याला इथिओपिया म्हटले, आणि तेच नाव पुढे युरोपात रूढ झाले. एबद-मलेखाच्या काळाच्या शंभरएक वर्षे आधी याच कूशचे राजे इजिप्तच्या सिंहासनावर बसले होते, आणि त्यांतील तहार्का याचे नाव हिब्रू राजांच्या बखरीतही आलेले आहे. तेव्हा ‘कूशी’ या शब्दाला त्या काळी दास्याचा अर्थ आपोआप चिकटलेला नव्हता. तरीही परमुलखातून येऊन राजवाड्याच्या आतल्या चाकरीत शिरलेल्या माणसाचे नाव त्याच्या जन्मदात्यांनी ठेवलेले असण्यापेक्षा त्याच्या धन्याने ठेवलेले असण्याचा संभव अधिक, हे दख्खनच्या इतिहासाशी परिचय असलेल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर हबशी मुलखात जन्मला तेव्हा त्याचे नाव चापू होते. ‘अंबर’ हे नाव त्याला बगदादच्या एका धन्याने दिले, आणि इतिहासाने धन्याचेच नाव उचलले.

एबद-मलेख या नावाचा अर्थ सरळ आहे : ‘एबद’ म्हणजे सेवक, दास, ‘मलेख’ म्हणजे राजा. हे दोन्ही शब्द मराठी कानाला अगदीच परके नाहीत. हिब्रू आणि अरबी या एकाच कुळातील भाषा असल्यामुळे हिब्रूतला ‘एबद’ अरबीत ‘अब्द’ होतो आणि अब्दुल्ला, अब्दुल करीम या नावांतून आपल्या शेजारीपाजारी वावरतो. आणि ‘मलेख’ ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून निघालेले मलिक, मालक आणि मुलूख हे शब्द फारसीच्या वाटेने मराठीत येऊन इतके रुळले की त्यांचे परकेपण आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्यामुळे एबद-मलेख या नावाचे अरबी रूप अब्दुल मलिक असे होते, आणि ज्या यरुशलेमेत हा कूशी राहिला त्याच नगरीत, ज्या टेकडीवर त्या काळी राजवाडा आणि मंदिर होते तिच्याच माथ्यावर, सुमारे १२७५ वर्षांनंतर अब्दुल मलिक याच नावाच्या खलिफाने घुमटाची ती जगप्रसिद्ध सुवर्णवर्णी वास्तू उभारली. तिचे बांधकाम इ. स. ६९१-९२ मध्ये पुरे झाले. मात्र त्या खलिफाच्या नावातला ‘मलिक’ हा ईश्वर आहे. इस्लामी परंपरेत ते ईश्वराच्या नावांपैकी एक नाव आहे. आपल्या एबद-मलेखाच्या नावातला राजा कोणता, हा प्रश्न तेवढ्या सहजपणे सुटत नाही, आणि माझ्या मते या माणसाच्या साऱ्या कथेचे मर्म त्याच प्रश्नात आहे.

हिब्रू नावे बहुधा लहान लहान वाक्येच असतात. कोकणातील बेने इस्राएलांच्या रूपाने ती महाराष्ट्रातही शतकानुशतके नांदली, पण मराठी जिभेने त्यांना इतके आपलेसे केले की शमुवेलाचा समाजी आणि यहेज्केलाचा हसाजी झाला. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणाऱ्या समाजी हसाजी दिवेकरांच्या नावात ही दोन्ही रूपे एकत्र पाहायला मिळतात. मूळ रूपात मात्र यहेज्केल म्हणजे ‘ईश्वर बळ देवो’ असे एक संपूर्ण वाक्यच आहे. यहूदाच्या, म्हणजे यरुशलेमेच्या, दरबारात तर ‘याह’ या ईश्वरनामाने संपणाऱ्या नावांची रीतच पडून गेली होती : सिद्कीया म्हणजे ‘याह माझे नीतिमत्त्व’, गदल्या म्हणजे ‘याह महान आहे’, शफाट्या म्हणजे ‘याहने न्याय केला’, मल्कीया म्हणजे ‘याह माझा राजा’, आणि युकाल हे ज्याचे संक्षिप्त रूप आहे त्याचा अर्थ ‘याह समर्थ आहे’ असा. अशा या ईश्वरनामांकित मंडळींत एका परदेशी चाकराचे नाव असे की त्यात ईश्वराचा उच्चार नाही, केवळ राजाचा आहे. आता या नावांच्या माणसांनी एका विशिष्ट दिवशी काय केले ते पाहू.

इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम प्रथम जिंकले, तेथील तरुण राजाला कैद करून नेले आणि त्याच्या चुलत्याला गादीवर बसवले. या नव्या राजाचे मूळ नाव मत्तन्या. बाबेलच्या हुकमाने ते बदलून सिद्कीया करण्यात आले. नाव देणारा तो धनी आणि घेणारा तो अंकित, हा त्या काळच्या राजकारणातला रोकडा व्यवहार होता. सिद्कीयाने पुढे इजिप्तच्या भरवशावर बंड केले, आणि त्याच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षी बाबेलच्या फौजांनी यरुशलेमेला वेढा घातला. मध्यंतरी इजिप्तचे सैन्य निघाल्याची बातमी येऊन वेढा उठला, पण ती आशा फोल ठरली. नगरात धान्याचा तुटवडा पडला. यिर्मया तेव्हा चौकीच्या आवारात नजरकैदेत होता, आणि भटाऱ्यांच्या आळीतून त्याला रोज एक भाकरी द्यावी, नगरातील भाकरी संपेपर्यंत द्यावी, असा राजाचा हुकूम होता. वेढ्यातल्या नगराचे चित्र या एका हुकमात जितके स्पष्ट दिसते तितके लांबलचक वर्णनानेही दिसले नसते.

कैदेतूनही यिर्मया बोलतच होता. जो नगरात राहील तो तलवारीने, दुष्काळाने आणि मरीने मरेल, जो बाहेर पडून खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलकरांच्या, स्वाधीन होईल तो जगेल, आणि त्याला त्याचा जीव हीच लूट मिळेल, असे तो उघडपणे सांगत होता. लढाईत जिंकलेला शिपाई लूट घेऊन घरी जातो. या लढाईत वाचलेल्याला केवळ स्वतःचा प्राण तेवढा घेऊन जाता येईल, असा त्या शब्दांचा आशय. अमलदारांच्या दृष्टीने ही उघड फितुरी होती, आणि त्यांची तक्रार निव्वळ दुष्टाव्याची होती असे म्हणता येत नाही. शिबंदीत मोजकी माणसे उरलेली, तटाबाहेर शत्रूचे मोर्चे लागलेले, आणि एक वजनदार माणूस शिपायांना हत्यार खाली ठेवायला सांगतो आहे, अशा वेळी कोणत्याही किल्लेदाराने त्याचे तोंड बंद केले असते. हा माणूस उरलेल्या लढवय्यांचे हात गाळतो आहे, असे त्यांनी राजाला सांगितले. आपणही हातपाय गळाले म्हणतो; हिब्रूतही तोच वाक्प्रचार आहे, आणि तो केवळ ग्रंथापुरता नव्हता. यरुशलेमेच्या नैर्ऋत्येस लाखीश या गढीच्या जागी १९३५ मध्ये स्टार्की या इंग्रज पुरातत्त्वज्ञाला शाईने लिहिलेली खापरे मिळाली. ती याच युद्धाच्या सुमाराची लष्करी चिठ्ठीपत्री आहे. त्यांतल्या एका पत्रात कोणी हाताखालचा अधिकारी आपल्या वरिष्ठाला कळवतो की वरून आलेला मजकूर चांगला नाही, त्याने माणसांचे हात गळतात. यिर्मयावरील आरोपाचे शब्द हे असे त्या दिवसांत सर्वांच्या तोंडी होते.

सिद्कीयाने अमलदारांना दिलेले उत्तर वाचताना मन खिन्न होते. तो तुमच्या हाती आहे, तुमच्यापुढे राजाचे काही चालत नाही, अशा अर्थाचे बोलून तो मोकळा झाला. ना त्याने शिक्षेचा हुकूम दिला, ना संरक्षणाचा. अमलदारांनी मग यिर्मयाला नेऊन मल्कीयाच्या टाक्यात सोडले. यहूदाच्या डोंगराळ मुलखातली ही टाकी खडकात खोदलेली, वर तोंड अरुंद, आत पोट रुंद, आणि पाणी झिरपू नये म्हणून चुन्याने लिंपलेली असत. पावसाळ्यात भरून घ्यायचे आणि वर्षभर पुरवायचे. वेढ्यामुळे या टाक्यातले पाणी उपसून संपले होते, तळाशी चिखल तेवढा उरला होता, आणि त्या चिखलात यिर्मया रुतला. अमलदारांनी रक्त सांडले नाही. दोराने सोडले आणि निघून गेले. भूक, थंडी आणि चिखल यांनी काम आपोआप उरकले असते आणि कोणाच्याही हाताला रक्त लागले नसते. ज्या टाक्यात हे घडले त्याच्या धन्याचे नाव मल्कीया, म्हणजे ‘याह माझा राजा’, आणि ज्यांनी हे केले त्यांची नावे वर सांगितलीच आहेत.

त्या चौघांपैकी दोघांच्या खुणा आज आपल्याला हाताळता येतील इतक्या प्रत्यक्ष आहेत. यरुशलेमेतील दावीदनगर या भागात एलात मझार यांच्या उत्खननात २००५ मध्ये शलेम्याचा पुत्र युकाल याच्या नावाचा मातीचा ठसा मिळाला आणि २००८ मध्ये, तेथून काही मीटरांवर, पशहूराचा पुत्र गदल्या याच्या नावाचा. पपायरसवर लिहिलेला कागद गुंडाळून त्याला दोरा बांधीत, दोऱ्याच्या गाठीवर ओल्या मातीची लहानशी गोळी दाबीत आणि तिच्यावर शिक्का उमटवीत. नखाएवढ्या त्या मातीवर बहुधा नाव आणि बापाचे नाव एवढेच असे. कागद केव्हाच नाहीसे झाले, पण माती उरली. नगर जाळणाऱ्या आगीत असे कित्येक ठसे भाजून पक्के झाले, आणि ज्या आगीने दरबाराचे दप्तर नष्ट केले तिनेच त्या दरबारातील माणसांची नावे आपल्यापर्यंत पोहोचवली.

यिर्मयाला टाक्यात सोडल्याचे वर्तमान राजवाड्यात एबद-मलेखाच्या कानी गेले. राजा त्या वेळी बन्यामीन वेशीत बसला होता. वेशीत बसणे म्हणजे तेथे चारचौघांत न्यायनिवाडा करणे. एबद-मलेख राजवाड्यातून निघून थेट तेथे गेला. खासगीतल्या चाकराला राजाशी एकांतात बोलण्याची संधी दिवसातून किती वेळा मिळत असेल! पण त्याने वाट पाहिली नाही. उघड्या वेशीत, अमलदारांच्या आणि फिर्यादींच्या देखत त्याने सांगितले की या माणसांनी संदेष्ट्याशी जे केले ते सारे वाईट केले आहे, तो भुकेने मरेल, नगरात आता भाकरी उरलेली नाही. ग्रीक भाषांतरात तर हे वाक्य आणखी प्रखर आहे : तेथे तो अमलदारांना नव्हे, राजालाच म्हणतो की त्या माणसाला मारण्यासाठी तू जे केलेस ते वाईट केलेस. दोन्ही पाठांत एक गोष्ट समान आहे. त्याने राजाची विनवणी केलेली नाही, दयेची भीक मागितलेली नाही. जे घडले त्याला त्याने ‘वाईट’ हे नाव दिले, आणि ते देण्याचे धाडस त्या दरबारात दुसऱ्या कोणाला झालेले नव्हते. ज्या राजाने चार अमलदारांपुढे मान तुकवली त्याच राजाने एका चाकराच्या शब्दावर सुटकेचा हुकूम दिला, हे पाहिले म्हणजे सिद्कीयाला योग्य ते करण्यासाठी त्याच्या पाठीशी उभे राहणारे कोणी तरी हवे होते असे वाटू लागते.

राजाने त्याला बरोबर ३० माणसे नेण्यास सांगितले. एका हिब्रू हस्तलिखितात येथे ३ असा पाठ आहे, आणि एका माणसाला वर काढण्यासाठी ३० कशाला, या शंकेने अनेक अभ्यासकांनी तोच स्वीकारला आहे. मला मात्र ३० हा आकडा असंभाव्य वाटत नाही. दोर ओढायला तिघे पुरतात हे खरे. पण ज्या अमलदारांनी यिर्मयाला टाक्यात सोडले ते नगरात समर्थपणे वावरत होते, आणि त्यांच्या मर्जीविरुद्ध दिवसाढवळ्या त्याला वर काढायचे तर दोराइतकीच दंडाचीही गरज होती.

पुढचा प्रसंग मला संपूर्ण कथेत सर्वाधिक मोलाचा वाटतो. एबद-मलेख माणसे घेऊन निघाला तो सरळ टाक्याकडे गेला नाही. आधी राजवाड्यात जाऊन जामदारखान्याखालच्या खोलीत शिरला, आणि तेथे पडलेल्या जुन्या चिंध्या आणि जुनेर त्याने गोळा केले. मग टाक्यापाशी येऊन त्याने ते दोराने खाली सोडले आणि यिर्मयाला ओरडून सांगितले की या चिंध्या काखेत, दोरांच्या आत घाल. कित्येक दिवसांचा उपाशी, म्हातारपणाकडे झुकलेला, चिखलात रुतलेला माणूस ओढून काढायचा म्हणजे चिखल त्याला खाली धरून ठेवणार आणि दोर वर ओढणार. त्या ओढाताणीत काखेचे कातडे सोलून निघाले असते, कदाचित खांदाही निखळला असता. राजाच्या हुकमात चिंध्यांचा उल्लेख नव्हता. घाईच्या वेळी, जिवावरच्या कामात, माणसाच्या काखेला दोर काचेल हे ज्याला सुचते आणि त्यासाठी जो वाट वाकडी करून राजवाड्यात परत जातो, त्याने स्वतः कधी तरी कष्टाची कामे केलेली असली पाहिजेत. जामदारखान्याखाली कोणत्या कोपऱ्यात काय पडले आहे ही माहितीही अमलदाराला नसते, चाकराला असते. ग्रंथकाराने, ज्याने लढायांची वर्णने एकेका वाक्यात उरकली आहेत, या चिंध्यांना दोन वचने दिली. त्यांचे मोल त्यालाही कळले होते.

यिर्मया या नावाचा ‘याह वर उचलो’ असा एक अर्थ अभ्यासक लावतात. त्या दिवशी तो उचलला गेला तो एका कूशी चाकराच्या दोरांनी.

आता नावाकडे परत वळू. एबद-मलेख हे मुळात नाव आहे की हुद्दा, अशी शंका कित्येकांनी घेतली आहे, आणि ती निराधार नाही, कारण ‘राजाचा सेवक’ हा त्या काळी मोठा दरबारी किताब होता. मगिद्दो येथे १९०४ मध्ये गर्जणाऱ्या सिंहाची आकृती असलेला एक यास्प रत्नाचा शिक्का सापडला. त्यावर ‘शेमा, यराबामाचा सेवक’ अशी अक्षरे आहेत; हा यराबाम म्हणजे राजा. १९३२ मध्ये तेल एन-नस्बे येथे मिळालेल्या शिक्क्यावर ‘राजाचा सेवक याजन्या’ असे असून खाली झुंजीच्या पवित्र्यातला कोंबडा कोरलेला आहे. असे शिक्के बाळगणारे लोक दास नव्हते, चांगले मातबर अमलदार होते. राजाचा सेवक म्हणवून घेणे हा त्यांचा मान होता, जसा ‘सेवक’ हा शब्द आपल्याकडेही जुन्या पत्रांच्या मायन्यात मातबर मंडळी स्वतःला लावीत. परंतु या किताबात ‘मलेख’ शब्दाच्या आधी ‘तो राजा’ असा निश्चय दाखवणारे उपपद नेहमी येते. एबद-मलेखाच्या नावात ते येत नाही. तेव्हा व्याकरणाच्या कसोटीवर हे विशेषनामच ठरते.

या निर्णयाला बळकटी देणारा पुरावा २०१९ मध्ये पुढे आला. दावीदनगराच्या पायथ्याशी गिवाती येथील उत्खननात, बाबेलच्या आगीत जळालेल्या एका मोठ्या इमारतीत, ‘नथान-मलेख, राजाचा सेवक’ असा ठसा मिळाला. नथान-मलेख म्हणजे ‘राजाने दिलेला’. याच नावाचा एक सारीस यहूदाच्या योशीया राजाच्या काळी मंदिराच्या आवारात राहत होता, असे राजांच्या दुसऱ्या ग्रंथात एका वचनात आले आहे. त्या नखाएवढ्या मातीवर ‘मलेख’ हा शब्द दोनदा आहे, एकदा नावात उपपदाविना आणि एकदा किताबात उपपदासह, आणि त्यामुळे नाव कोणते आणि हुद्दा कोणता हा भेद त्या काळच्या लेखनिकाच्या मनात स्वच्छ होता हे डोळ्यांना दिसते. भाषांतरकारांना मात्र हा भेद नेहमी पाळता आलेला नाही. १६११च्या इंग्रजी भाषांतरात टाक्याचा धनी मल्कीया हा ‘हम्मेलेखाचा पुत्र’ झाला. वस्तुतः ‘हम्मेलेख’ म्हणजे ‘तो राजा’, आणि तो मल्कीया राजपुत्र होता. एका राजाचे असे विशेषनाम होऊन बसले ते पुढच्या भाषांतरांत दुरुस्त झाले.

‘सारीस’ या शब्दाचा उलगडा बाबेलकडून होतो. अक्कादी भाषेत ‘श रेशी’ म्हणजे मस्तकापाशी असणारा, राजाच्या निकट वावरणारा. हे लोक पुष्कळदा खोजे असत, पण नेहमीच असत असे नाही, आणि उत्पत्तीच्या ग्रंथातील पोटीफर सारीस असूनही संसारी होता. एबद-मलेखाच्या प्रकरणी ग्रीक पाठात हा शब्दच नाही, म्हणून त्याच्या शरीराविषयी निश्चित विधान न करणेच इष्ट. परंतु यरुशलेम पडल्यावर ज्या बाबेली सरदारांनी मधल्या वेशीत बैठक मांडली त्यांत नबो-सर्सखीम या मुख्य सारीसाचे नाव ३९व्या अध्यायात आहे, आणि या माणसाची गाठ २००७ मध्ये लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात पडली. व्हिएन्नाचे असीरियाविद्यातज्ज्ञ मिखाएल युर्सा यांनी तेथील मातीच्या एका लहान पाटीवर त्याचे नाव वाचले. ती पाटी म्हणजे नबुखद्नेस्सराच्या १०व्या वर्षीची, इ. स. पू. ५९५ची पावती आहे : मुख्य सारीसाने बाबेलच्या एसगिला मंदिरासाठी दीड मिना सोने, म्हणजे अंदाजे पाऊण किलो, पाठवले ते पोहोचले. सोने नेऊन देणारा मनुष्यही सारीसच होता आणि त्याचे नाव होते अरद-बानीतू. अक्कादी ‘अरद’ म्हणजे सेवक. बानीतू ही देवी. एबद-मलेखाच्या धन्याला बुडवणाऱ्या दरबारात, त्याच वर्गात, त्याच्याच घडणीच्या नावाचा माणूस चाकरी करीत होता, हे त्या पाटीमुळे आपल्याला कळते. दोघांच्याही नावांचे पहिले पद ‘सेवक’ हेच, फरक तेवढा धन्याचा.

हिब्रू परंपरेत ‘राजा’ हे ईश्वराचेही संबोधन आहे, मल्कीया या नावातच ते आपण पाहिले. त्यामुळे एबद-मलेख या नावाचे दोन अर्थ संभवतात. ज्याने हे नाव ठेवले त्याच्या मनात बहुधा सिंहासनावरचा राजा असावा. परंतु ग्रंथकाराने या माणसाची कथा जेथे संपवली आहे तेथे दुसरा अर्थ उदयाला येतो. ३९व्या अध्यायाच्या शेवटी यिर्मया त्याला ईश्वराचा निरोप देतो : नगरावर अरिष्ट येईल, ते तू डोळ्यांनी पाहशील, पण ज्यांची तुला धास्ती आहे त्यांच्या हाती तू पडणार नाहीस, तुला तुझा जीव लूट म्हणून मिळेल, कारण तू माझ्यावर विश्वास ठेवलास. ‘लूट म्हणून जीव’ हे तेच शब्द, जे बोलल्याबद्दल यिर्मयाला टाक्यात टाकण्यात आले होते. साऱ्या नगराला देऊ केलेली आणि नगराने नाकारलेली सनद अखेर नाव घेऊन मिळाली ती या परक्याला. पुढे ४५व्या अध्यायात यिर्मयाचा लेखनिक बारूख यालाही ती मिळाली आहे. शिवाय या निरोपातून आपल्याला असे कळते की एबद-मलेख मनातून भ्यालेला होता. वेशीत उभा राहून तो बोलला तेव्हा त्याची छाती धडधडत होती, अमलदार आपला सूड घेतील हे त्याला ठाऊक होते. आणि ते ठाऊक असूनही तो बोलला. दुसऱ्या एका पशहूराचे नाव यिर्मयाने एकदा बदलून ‘चोहोकडून भय’ असे ठेवले होते; एबद-मलेखाचे नाव त्याने बदलले नाही, त्यात बदलण्यासारखे काही राहिले नव्हते.

पुढच्या पिढ्यांनी त्याला विसरू दिले नाही. यहुदी परंपरेतील एका जुन्या नीतिग्रंथात, मरण न पावता थेट नंदनवनात गेलेल्या ९ जणांची यादी आहे, आणि हनोख व एलीया यांच्या पंक्तीत तेथे एबद-मलेख कूशी बसला आहे. यिर्मयाविषयीच्या एका उत्तरकालीन आख्यानात त्याचे नाव अबीमलेख असे झाले आहे. त्यात नगराचा नाश त्याच्या दृष्टीस पडू नये म्हणून यिर्मया त्याला अंजिरे आणायला मळ्यात पाठवतो. उन्हाने थकून तो झाडाखाली टोपलीवर मान टेकवतो, आणि जागा होतो तो ६६ वर्षांनी. टोपलीतल्या अंजिरांचा चीक तोवर वाळलेलाही नसतो. आपल्याकडील मुचुकुंदाच्या निद्रेची आठवण करून देणारे हे आख्यान इथिओपियाच्या ख्रिस्ती मंडळीने आपल्या धर्मग्रंथांत समाविष्ट केले आहे. जिच्या नावाने ग्रीकांनी या कूशी माणसाची ओळख करून दिली त्या भूमीने त्याला असे जपले.

वाचकांना एक सुचवावेसे वाटते. मराठी बायबलमध्ये ही कथा वाचायला घ्याल तेव्हा ३८वा अध्याय संपल्यावर थांबू नका आणि ३९वा भरभर वाचून टाकू नका. काळाच्या क्रमाने पाहिले तर एबद-मलेखाला दिलेला निरोप नगर पडण्यापूर्वीचा आहे, यिर्मया चौकीत असतानाचा; तरी ग्रंथात तो मुद्दाम मागे ठेवला आहे. आधी तट फुटतो, राजा रात्री बागेच्या वाटेने पळतो, यरीहोच्या मैदानात सापडतो, रिब्ला येथे त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांना ठार मारतात, त्याचे डोळे काढतात, राजवाडा आणि लोकांची घरे जाळतात, आणि हे सारे सांगून झाल्यावर ग्रंथकार त्या एका चाकराकडे वळतो. ती शेवटची ४ वचने ज्या जागी आहेत त्याच जागी, त्याच क्रमाने वाचा.